झांबरे भाऊसाहेबांचं पोट

लालासाहेब झांबरे यांना आमच्या गावात कुणी लालासाहेब म्हणत नाही. ते ग्रामसेवक होते, म्हणून भाऊसाहेब. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी भाऊसाहेबच. कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची दोनदा बदली झाली. पहिल्यांदा आले तेव्हा कुणाच्या फारसे लक्षात राहिले नाहीत. दुसऱ्यांदा आले ते हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत, आणि त्यानंतर त्यांना विसरणं कुणालाच जमलं नाही.

त्या काळात गावोगाव गुड मॉर्निंग पथकं निघाली होती. उघड्यावर परसाकडला बसणाऱ्यांना पहाटे गाठायचं, चारचौघांत लाजवायचं आणि घरी संडास बांधायला लावायचा, असं पथकाचं काम. आजूबाजूच्या गावांतली पथकं थोडे दिवस फिरली, फोटो काढले आणि थंड झाली. आमचंही थंड झालं असतं. गुरुजी कंटाळले, तलाठी आजारी पडले, पोलीस पाटलांनी आपल्याच भावकीला कुठं पकडायचं म्हणून अंग काढून घेतलं. पण भाऊसाहेब राहिले, आणि एकटे भाऊसाहेब म्हणजेच पथक झालं. कानटोपी, गळ्यात शिट्टी, हातात बॅटरी अशा थाटात ते ओढ्याकडे निघायचे. शिट्टी वाजली की माणसं अर्धवट उठून उभी राहायची. भाऊसाहेबांनी कधी कुणाला शिवी दिली नाही. ते समोरच्याला गुलाबाचं फूल द्यायचे आणि त्याचं टमरेल जप्त करायचे. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत टमरेलांची रास साठली होती. त्यात एक माझ्या चुलत्याचंही होतं.

ग्रामसभेत त्यांचं ठरलेलं भाषण असे. पोट हे सवयीचं गुलाम आहे, आपण पोटाचे गुलाम नाही. वेळ आणि जागा आपण ठरवायची, पोटाने ऐकायचं. बोलताना ते स्वतःच्या पोटावर हलकेच थाप मारत. पोट सपाट होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटायचं.

सगळ्यांत जास्त वेळा सापडले ते नाथाजी. कालव्याकडेला त्यांचं थोडं रान, चार शेळ्या आणि घरी तानुबाई. नाथाजींनी संडास बांधला होता, अनुदानही मिळालं होतं, पण आत जळणाच्या शेणी रचलेल्या असत. भाऊसाहेबांनी त्यांना ग्रामसभेत उभं केलं आणि घरात संडास असून बाहेर का बसता म्हणून विचारलं. नाथाजी म्हणाले, आत जागा न्हाई. सगळी सभा हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जातीने उभं राहून शेणी बाहेर काढायला लावल्या आणि संडासाच्या दाराशी नाथाजींचा फोटो काढला. तो फोटो पुढे तालुक्याच्या कार्यालयात लागला. गावाला पुरस्कार मिळाला, वेशीवर फलक लागला, आणि नाथाजी ओढ्याकडे न जाता मागच्या टेकडीकडे जायला लागले.

निवृत्तीनंतर भाऊसाहेबांनी गावातच प्लॉट घेतला. त्यांच्या पत्नी अंजनाबाईंचं मत वेगळं होतं. ज्या माणसांना तुम्ही तसं बसलेलं बघितलंय त्यांच्यात आयुष्यभर राहायचं कसं, असं त्या म्हणायच्या. भाऊसाहेबांचं म्हणणं, चांगल्या कामाचा राग कुणी धरत नसतं. ते खरंही निघालं. लोकांनी राग धरला नाही. फक्त वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी देवघराआधी संडास बघितला, आणि तो बघण्यासारखाच होता. देवघरापेक्षा तिथली फरशी भारी होती.

माझं गावच्या स्टँडवर औषधाचं दुकान आहे. भाऊसाहेब संध्याकाळी येऊन बाकड्यावर बसतात, पेपर वाचतात, गिऱ्हाइकांना सल्ले देतात. एकदा ते पाणी फार पिताहेत आणि पेपर वाचता वाचता पेंगताहेत, असं माझ्या लक्षात आलं. रक्त तपासून घ्या म्हटलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. शेवटी अंजनाबाईंनी त्यांना कवठ्याला डॉक्टर क्षमा मॅडमकडे नेलं आणि शुगर निघाली.

मॅडमनी मेटफॉर्मिन लिहून दिली. ही शुगरची सगळ्यांत जुनी, सगळ्यांत स्वस्त आणि बहुतेकांना पहिली मिळणारी गोळी. मॅडमनी नीट समजावलं होतं की सुरुवातीला अर्धी, तीही जेवण झाल्यावर. पोटाला सवय झाली की हळूहळू वाढवत दोन वेळा पूर्ण गोळी. शिवाय सकाळी चालायचं. मी पाकीट देताना तेच परत सांगितलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढून चिठ्ठी वाचली.

"शेवटी दोन वेळा पूर्णच घ्यायची आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग अर्धीने सुरुवात कशाला? जे उद्दिष्ट मार्चअखेर गाठायचंय ते एप्रिलमध्येच गाठलं तर बिघडलं काय?"

पोट बिघडतं, मी म्हणालो. त्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. माझं वय त्या मोहिमेच्या वेळी शाळेत जायचं होतं. ते भाषण मी ऐकलेलं होतं. मी पाकीट पिशवीत घालून दिलं.

त्यांनी पहिल्या दिवसापासून पूर्ण गोळ्या घेतल्या. सकाळची तर अनशापोटी, फिरायला निघण्याआधी, म्हणजे दिवसाची सुरुवातच कर्तव्याने व्हावी. आठवड्याभरात पोटात गुरगुरायला लागलं. तोंडाला लोखंडासारखी चव यायची. अंजनाबाईंची आमटी नकोशी झाली. मग धावपळ सुरू झाली. भाऊसाहेबांनी आधी पाण्याला दोष दिला, मग दूधवाला बदलला, मग शेजारच्या लग्नातल्या बासुंदीवर संशय घेतला, जी शुगरमुळे त्यांनी खाल्लीच नव्हती. गोळीवर मात्र संशय घेतला नाही, कारण ती तशी घ्यायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. आणि घरात संडास उत्तम असल्यामुळे हे सगळं घरातल्या घरात निभावलंही गेलं.

ज्या दिवशी निभावलं नाही तो दिवस कडाक्याच्या थंडीचा होता. ज्वारीचा शाळू हुरड्यात आलेला. भाऊसाहेब कालव्याच्या रस्त्याने फिरायला निघाले. गाव बरंच मागे पडल्यावर पोटात कळ आली. ते थांबले. कळ गेली. कुणीही समजदार माणूस तिथून मागे फिरला असता, पण ठरवलेलं अंतर राहिलं होतं, म्हणून ते पुढे गेले. दुसरी कळ आली तेव्हा मागे वळण्यात अर्थ उरला नव्हता. आयुष्यभर लोकांना जे सांगितलं ते त्यांनी स्वतःच्या पोटाला सांगून पाहिलं. पोटाने ऐकलं नाही. कडेला शाळू माणसापेक्षा उंच वाढलेला उभा होता. भाऊसाहेबांनी दोन्ही बाजूंना बघितलं आणि आत शिरले.

ते रान नाथाजींचं होतं, आणि नाथाजी रानाच्या मधोमध लाकडी माळ्यावर राखणीला बसले होते. एरवी राखण पाखरांची, पण त्या वर्षी रानडुकरांनीही नाक घातलं होतं. शाळू एका जागी हलतोय असं दिसताच नाथाजींनी गोफणीत दगड घातला आणि भिरकावला. दगड भाऊसाहेबांच्या समोर येऊन पडला.

"कोण हाय रं तकडं?" नाथाजींनी आवाज दिला.

उत्तर आलं नाही. नाथाजींनी दुसरा दगड भरला.

"मारू नका," आतून आवाज आला. "मी आहे."

"मी कोण?"

शाळू पुन्हा हलला.

"झांबरे."

"कंचं झांबरे?"

गावात झांबऱ्यांचं घर एकच होतं, हे दोघांनाही माहीत होतं. "ग्रामसेवक," शाळूतून उत्तर आलं.

नाथाजींनी गोफण खाली ठेवली आणि माळ्यावरून उतरले. भाऊसाहेबांना वाळक्या पाल्यावर पावलं वाजताना ऐकू येत होती. उठून पळून जावं तर उठण्याजोगी परिस्थिती नव्हती. नाथाजी आता काय काय बोलतील ते सगळं त्यांनी मनात ऐकून घेतलं. त्यातलं बरंचसं त्यांनीच एकेकाळी नाथाजींना ऐकवलेलं होतं. पावलं जवळ येऊन थांबली. पत्र्याचा डबा जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"पानी ठिवलंय भाऊसाहेब," नाथाजी म्हणाले. "दमानं येवा. मी तकडं तोंड करून बसतो."

भाऊसाहेब बाहेर आले तेव्हा नाथाजी बांधावर पाठ करून बसले होते. भाऊसाहेबांच्या हातात नाथाजींचं टमरेल होतं. ते परत कसं करावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते हळूच बांधावर ठेवलं. नाथाजींनी मागे न बघताच, औंदा थंडी लय हाय, हुरड्याला बरं, असं काहीतरी म्हटलं. भाऊसाहेब हो म्हणाले आणि घरी आले.

त्या दिवसापासून त्यांनी गोळी बंद केली. फिरणंही बंद केलं. गच्चीवर चकरा मारायला लागले. माझ्याकडून मात्र दर महिन्याला पाकीट नेत राहिले, कारण पाकीट नेलं नाही तर मी कारण विचारीन, आणि कारण शोधत शोधत मी शाळूपर्यंत पोचेन, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नाथाजी स्टँडवर कुणाशी बोलताना हसले की भाऊसाहेब बाकड्यावर पेपर वर धरायचे. खरं तर नाथाजींनी एक अक्षरही कुणाजवळ काढलं नव्हतं. हे मी खात्रीने सांगतो. या गावातली कुठलीही बातमी माझ्या दुकानावर थांबल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ही थांबली नव्हती. मला हा प्रकार पुढे स्वतः भाऊसाहेबांनीच सांगितला.

शुगर अर्थातच वाढली. क्षमा मॅडमनी गोळ्या नियमित घेता ना म्हणून विचारलं. भाऊसाहेबांनी रुबाबात, एकही चुकवली नाही म्हणून सांगितलं. माणूस इतका नियमित असूनही शुगर हटत नाही हे बघून मॅडमनी बिचाऱ्यांनी आणखी एक औषध जोडलं. तेही ते माझ्याकडून घेऊन गेले आणि पहिल्याच्या शेजारी ठेवलं.

त्यांची मुलगी सई सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. साताऱ्याकडच्या एका मेडिकल कॉलेजात संशोधनाच्या कामावर आहे. भाऊसाहेब गावात सगळ्यांना सांगत की सई संशोधन करते. कशावर, हे कुणी विचारलं तर ते पावसावर विषय नेत. ती सुट्टीला आली, चहाची साखर शोधताना तिने चुकीचं कपाट उघडलं, आणि तिला न उघडलेल्या पाकिटांची चळत दिसली. बापाला तिने समोर बसवलं. त्यांनी आधी गॅसेसचं सांगितलं, मग वयाचं. शेवटी अंजनाबाई म्हणाल्या की थंडीत एका सकाळी हे घाईघाईने घरी आले, अंघोळ केली, आणि तेव्हापासून कालव्याकडे फिरकलेले नाहीत. मग भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. सई गंभीरपणे ऐकत राहिली. नंतर पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ बाहेर आली नाही.

बाहेर आल्यावर तिने समजावून सांगितलं ते साधारण असं. आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, नाना जातींचे, आणि बहुतेक उपयोगाचे. ही गोळी पोटात गेली की तिचा मोठा हिस्सा आतड्यातच रेंगाळतो. तिथे जंतूंच्या वस्तीत उलथापालथ होते. काही जाती घटतात, काही वाढतात. आतड्याच्या आतल्या बुळबुळीत अस्तरावर जगणारी एक जात तर ही गोळी घेणाऱ्या पुष्कळ लोकांत वाढलेली सापडते, आणि ती भल्याची असावी असा अंदाज आहे. गोळी शुगर कमी करते त्यातलं थोडं काम या जंतूंमार्फत होत असावं. सुरुवातीला पोट बिघडतं त्यातही त्यांचा हात असू शकतो. नक्की किती, ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण थोडीथोडी वाढवली, जेवणावर घेतली, तर बहुतेकांचं पोट सावरतं. नाहीच सावरलं तर पोटात हळूहळू सुटणारी गोळीही मिळते.

भाऊसाहेबांनी थोडा विचार केला. "म्हणजे मी नोटीस न देता अतिक्रमण हटाव केलं," ते म्हणाले.

सईने मान डोलावली. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. परदेशात एका प्रयोगात ही गोळी घेणाऱ्या माणसांची विष्ठा उंदरांच्या पोटात पोचवली, तर उंदरांचं शरीर साखर जास्त चांगली हाताळायला लागलं. यावर भाऊसाहेब बोटांवर काहीतरी मोजायला लागले. पाच गावांत मिळून त्यांनी किती खड्डे खणून घेतले होते ते त्यांना आठवत असावं.

"आणि आम्ही ते पुरून टाकायला सांगत होतो," ते एवढंच म्हणाले.

ज्या कामावर सई होती ते नेमकं हेच होतं: गोळी सुरू करण्याआधीचे जंतू आणि सुरू केल्यानंतरचे जंतू. अडचण अशी की शुगर आहे पण गोळी चालू नाही अशी माणसं त्यांना मिळत नव्हती. शुगर कळली की डॉक्टर लगेच गोळी देतात. आणि इथे तिच्या घरीच डॉक्टरांना फसवून महिनोन्महिने गोळी न घेतलेला माणूस बसला होता. भाऊसाहेबांच्या आयुष्यात नियम मोडल्याबद्दल त्यांची निवड झाली असा हा एकच प्रसंग. सईने आधी त्यांना क्षमा मॅडमकडे नेऊन खरं सांगायला लावलं. मॅडम रागावल्या, नंतर जोडलेलं औषध त्यांनी काढून टाकलं, आणि मग नमुना देऊन लगेच नीट सुरुवात करा म्हणाल्या. सईच्या वरिष्ठांनी बाकीची परवानगी बघितली.

नमुना द्यायचा म्हणजे काय हे कळल्यावर घरात वादळ झालं. नमुना गार ठेवायचा होता. अंजनाबाईंनी स्पष्ट सांगितलं की माझ्या फ्रीजमध्ये विरजण असतं, तिथे ते येणार नाही. भाऊसाहेब माझ्याकडे आले. माझ्या दुकानात इन्सुलिनसाठी फ्रीज आहे. काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण नाही, असं मी म्हणालो. अखेर सईने बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्माकोलचा डबा पाठवला आणि नमुना त्याच दिवशी पोचवायचं ठरलं.

भाऊसाहेब सकाळच्या एसटीने निघाले. शेजारी आमच्या गावच्या साळूबाई होत्या, कऱ्हाडला लेकीकडे चाललेल्या. भाऊसाहेबांच्या मांडीवरचा बंद डबा आणि त्यावरचं इंग्रजी लेबल बघून त्यांनी विचारलं की ही लस काय. भाऊसाहेब म्हणाले, तपासणीचं सामान आहे, सरकारी. तिकिटाचे पैसे काढताना त्यांना डबा कुठे ठेवावा सुचेना, तेव्हा साळूबाईंनी तो आपल्या मांडीवर घेतला आणि परत दिलाच नाही. कऱ्हाडपर्यंत त्यांनी तो पदराआड दोन्ही हातांनी धरून ठेवला. उतरताना म्हणाल्या, रिटायर झाला तरी लोकांसाठी झटताय, लय पुण्याचं काम. भाऊसाहेबांनी हात जोडले.

पुढे त्यांनी अर्धी गोळी जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली आणि महिन्याभरात, मॅडमनी सांगितलं तेव्हाच, ती वाढवली. पोट थोडं कुरकुरलं, मग गप्प झालं. शुगर उतरायला लागली. तीन महिन्यांनी दुसरा नमुना गेला. त्याचं काय झालं हे विचारायला भाऊसाहेब सईला इतके फोन करायचे की शेवटी तिने आडून आडून सांगितलं, वस्ती बदललेली दिसते, अस्तरावरची ती जातही वाढलीय. भाऊसाहेब ही बातमी घेऊन थेट माझ्या बाकड्यावर आले. आता त्यांना लपवायचं काही उरलं नव्हतं. शाळूसकट सगळी हकिगत त्यांनी मला त्याच दिवशी सांगितली, आणि गावाला ती संध्याकाळपर्यंत कळली. कळवली मीच.

सईने त्यांना अजून एक गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकून ते जरा अस्वस्थ झाले होते. बरीच वर्षं अभ्यासक शुगर असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे जंतू ताडून बघत आणि जो फरक दिसेल तो या आजाराचा म्हणून लिहीत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आजारी माणसं ही गोळी घेतात, आणि आजाराच्या नावावर मांडलेला बराचसा फरक गोळीचा आहे. भाऊसाहेब ते मला सांगता सांगता थांबले. गावाला पुरस्कार मिळाला त्याच्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं की संडासांमुळे गावातली हगवण निम्म्यावर आली. हगवण खरंच कमी झाली होती. पण त्याच उन्हाळ्यात गावाला शुद्ध केलेल्या पाण्याची टाकी झाली होती, आणि टाकीचं नाव अहवालात नव्हतं.

"दोन्हीमुळे झालं असेल," मी म्हणालो.

"असेल," ते म्हणाले. "पण कशाने किती, ते कुणी मोजलं?"

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण एका बाजारच्या दिवशी नाथाजी दुकानात आले आणि भाऊसाहेबांच्या देखत त्यांनी मेटफॉर्मिन मागितली. भाऊसाहेब बाकड्यावर सरसावून बसले आणि त्यांनी नाथाजींना अर्धी गोळी, जेवण, जंतू सगळं समजावून सांगितलं. नाथाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की ही गोळी मी चार वर्षं खातोय, पोटाला कवा काय झालं न्हाई. मीच ती त्यांना चार वर्षं देत होतो. भाऊसाहेबांना सांगायचं माझ्या मनात आलं नव्हतं, इतकंच.

भाऊसाहेबांनी हे फोनवर सईला सांगितलं. तिचा आवाजच बदलला. गोळी ज्यांना मुळीच बाधत नाही अशांचे जंतूही त्यांना तपासायचे होते. पप्पा, त्यांचा नमुना मिळेल का, तिने विचारलं.

हे मागायला जायला भाऊसाहेबांना बरेच दिवस लागले. शेवटी मला बरोबर घेऊन गेले. नाथाजी अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते, तानुबाई धान्य पाखडत होत्या. भाऊसाहेबांनी आधी शेळ्यांची चौकशी केली, मग रानाची, मग डबा पुढे करून कामाचं सांगितलं. नाथाजींनी डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"आदी शिट्टी वाजवून उठवत हुतासा," ते म्हणाले. "आता डबा दिऊन बसा म्हंताय."

तानुबाई सूप घेऊन आत गेल्या.

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. नाथाजींना त्यांची दया आली असावी. दिईन की, त्यात काय, असं ते म्हणाले. पण तो नमुना स्वच्छ घ्यायचा, मातीला न लागू देता, संडासात, असं भाऊसाहेबांनी सांगितलं तेव्हा नाथाजींनी कोपऱ्याकडे बोट केलं. संडासात परत शेणी होत्या.

"नळ कुटं हाय आमाला?" ते म्हणाले. "तानी डोईवरनं पानी आनती, ते शेरडास्नी पुरत न्हाई. आत बादल्या कुटनं ओताव्या?"

"मग त्या वेळी ग्रामसभेत का नाही सांगितलंत?"

"आवं, तुमी आत का बसत न्हाई इचारलंसा, मी जागा न्हाई म्हनलं. लोकं हासली. म्होरं कुनी इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब ग्रामपंचायतीत गेले, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले. नवे ग्रामसेवक तरुण आहेत, आदराने बोलतात. त्यांनी संगणकात बघून सांगितलं की गावात नळाचं काम शंभर टक्के पूर्ण आहे, नाथाजींकडेही नळ आहे. भाऊसाहेबांनी शंभर टक्के या शब्दावर वाद घातला नाही. तो आकडा कसा तयार होतो हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते फक्त रोज जायला लागले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्यांना चहा मिळायचा, आणि पुढच्या आठवड्यात बघू असं उत्तर मिळायचं. शेवटी नवे ग्रामसेवक चहा पाजून कंटाळले असावेत. पाइप नाथाजींच्या अंगणात आला. पाणी पहाटे येतं, तेही थोडाच वेळ, पण येतं.

नाथाजींनी कबूल केल्याप्रमाणे नमुना दिला. तो साताऱ्याला भाऊसाहेबच घेऊन गेले. काही आठवड्यांनी सईने सांगितलं की नाथाजींच्या पोटात जंतूंच्या जाती पुष्कळ आहेत, पप्पांच्यापेक्षा कितीतरी जास्त. भाऊसाहेबांना हे लागलं. इतक्या जाती त्यांच्याकडे आल्या कुठून, असं ते मला विचारत होते. एका माणसावरून काही ठरत नाही, असं सईने बजावलं होतं, तरी ते तानुबाईंकडून शाळू आणि मटकी घेऊन आले. अंजनाबाईंना आता रोज भाकरी थापावी लागते, आणि त्या जंतूंबद्दल फारसं चांगलं बोलत नाहीत.

सकाळी भाऊसाहेब पुन्हा कालव्याच्या रस्त्याने फिरायला जातात. नाथाजी रानात असले तर बांधावर टेकतात. दोघांत बोलणं फार होत नाही. एकाला शेतीतलं कळत नाही आणि दुसऱ्याला प्रशासनात रस नाही.

परवा सई आली होती. त्यांचा अभ्यास पुरा होत आलाय, एका मासिकात छापून येईल म्हणाली. भाऊसाहेबांनी विचारलं, नमुना देणाऱ्यांची नावं कुठे येणार, सुरुवातीला की शेवटी. नावं कुठेच येत नाहीत, नुसते क्रमांक असतात, सई म्हणाली. भाऊसाहेबांचा चेहरा पडला. निदान गावाचं नाव तरी, असं त्यांनी सुचवून बघितलं. तेही नाही म्हटल्यावर ते उठून नाथाजींना ही वाईट बातमी द्यायला गेले. नाथाजींनी ती शांतपणे ऐकली, आणि नाव नक्की येणार नाही ना, हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.